सांगितलं तेवढंच

सोमवार, ३ तारीख

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, गिऱ्हाइकांवर ओरडणं बंद करा, मनात येईल ते वहीत लिहून काढा. म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईला वही कसली सांगता, गोळी द्या की. तर गोळीही दिली आणि वहीही सांगितली. म्हणून मापांची जुनी वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढून गिऱ्हाइकांच्या कमरा आणि बाह्या, मागून मी.

आज टाचणीने कॉलेजचा फॉर्म भरत आणला. टाचणी म्हणजे माझी लेक. नाव दुसरं आहे, पण अंगाने तशी आणि बोलली की टोचतेही तशीच, म्हणून टाचणी. तिला अठरा पूर्ण होतील आता. कॉलेज कापडाचं आहे. शिवायचं नाही, तर कापड कसं बनतं, कशाने टिकतं, कशाने विरतं, हे शिकवतात म्हणे. मी म्हटलं, कशाने विरतं ते मी इथेच सांगते, वापरल्याने. ती हसली नाही.

रेल्वेने नऊ तास लागतात. एक गाडी सकाळी सहा वीसला आहे, एक दुपारी सव्वादोनला. मला त्याचं काही नाही, सहज चौकशी केली.

फॉर्मात गुण भरले, दाखले जोडले, दोन पानी निबंध लिहिला. शेवटी एक चौकट उरली. तिथे म्हटलंय, इच्छा असल्यास आणखी काही पाठवा. स्वतः केलेलं, जमवलेलं, काहीही, एका मोठ्या पाकिटात मावेल असं. चोवीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. नाही पाठवलं तरी चालेल.

त्या चौकटीपुढे पोरगी दोन तास बसून होती. तिच्या नेहमीच्या जागेवर, माझ्या मशीनच्या उजव्या अंगाला, ट्रंकेवर. रांगायला लागली तेव्हापासून तिथेच बसते. आता गुडघे हनुवटीला लागतात, तरी तिथेच.

एक तर पाठवा म्हणा, नाहीतर नको म्हणा. नाही पाठवलं तरी चालेल, ही काय बोलायची रीत झाली? माणसाचा जीव टांगणीला लावायचा आणि वर म्हणायचं, तुमची इच्छा.

एप्रनला भोक पडलंय. बघते वेळ मिळाला की.

बुधवार, ५

भाऊ येऊन गेला. तो बस चालवतो. टाचणीने त्याला चौकटीचं विचारलं. तो म्हणाला, जिथे थांबा नाही तिथे मी गाडी थांबवतो का? मागितलं नाही ते द्यायचं नाही.

माझंही तेच मत. दुकानात पाटीच लावली आहे, सांगितलं तेवढंच. ती का लावली ते लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. एक गृहस्थ कोटाचं अस्तर बदलायला टाकून गेले. खिशाला आतून भोक होतं. मला वाटलं, एवढं अस्तर बदलतोय तर भोकही बुजवू, बिचारा दुवा देईल. त्याने दुकानात येऊन आकाशपाताळ एक केलं. त्या भोकातून तो रेडिओची वायर वर कानापर्यंत घ्यायचा, म्हणे भोक त्याने स्वतः पाडलं होतं. भलं करायला गेले आणि बोलणी खाल्ली. त्या दिवसापासून कोणी सांगितलं नाही तर मी लोंबणारा दोरासुद्धा तोडत नाही.

म्हणून म्हटलं, टाचणे, चौकट रिकामी सोड आणि जेव.

ती म्हणाली, आई, ही चौकट म्हणजे खिसा नाही.

बोलते बघा कशी.

शनिवार, ८

शाळेतल्या बाई कोट घ्यायला आल्या. आता निवृत्त आहेत, पण टाचणीला त्यांनी शिकवलंय, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या की नाही पाठवलं तरी चालेल असं लिहितात, पण सगळे पाठवतात. जो पाठवत नाही त्याचा कागद तेवढा पातळ दिसतो.

बाई गेल्या. आमचा कागद आधीच पातळ. बाप नाही, आई शिवणारी, गुण बरे पण पहिल्या दहांत नाहीत. मी टाचणीला म्हटलं, पाठव काहीतरी. माझ्या हातची काजं पाठवायची का? रांगेत बारा काजं, एकसारखी, बघणाऱ्याने बोट तोंडात घातलं पाहिजे.

ती म्हणाली, आई, ती तुझी काजं आहेत. मी काय केलं ते पाठवायचंय.

मग तू काय केलंस, असं विचारलं. तिने पलंगाकडे बघितलं. मला वाटलं, काही केलेलं नसेल.

रविवार, ९

काय केलं ते आज कळलं. पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिने कटिंगच्या टेबलावर उपडा केला. मला वाटलं माळबिळ असेल. तर चिंध्या.

माझ्याच दुकानातल्या. कॉलर बदलली, गुडघा बदलला की जुना तुकडा मी खाली टाकते आणि केराच्या टोपलीत जातो असं समजते. ते ही सात वर्षं गोळा करते आहे. चौदा तुकडे. प्रत्येकाला चिठ्ठी टोचलेली, कोणाचं, काय काम, किती वर्षं वापरलं, कुठे विरलं. पोस्टमनचा डावा खांदा, पिशवीच्या पट्ट्याने अकरा वर्षांत जाळी झालेला. नर्सबाईंचा खिसा, कात्रीच्या टोकाने कोपरा गेलेला. बेकरीवाल्याची बाही, भट्टीच्या दाराला लागून लागून पापुद्रा झालेली. शाळेतल्या बाईंची दोन्ही कोपरं. आणि माझ्या भावाच्या पँटीची बैठक, दोन्ही बाजूंनी, हातभर.

ती म्हणाली की एकाच दुकानातलं एकच कापड दोघांनी नेलं तरी दोन जागी विरतं. तुकडा हातात घेतला की माणूस काय करत होता ते सांगता येतं. हेच पाठवायचं म्हणते.

माझं डोकं फिरलं. शिकलेली माणसं टेबलाभोवती बसणार आणि माझ्या भावाची बैठक उजेडात धरून बघणार? म्हणतील, या बाईच्या घरी धड चिंधी नाही आणि आली कॉलेज शिकायला. मी बोलले ते सगळं लिहीत नाही. बरंच बोलले.

तिने एकेक तुकडा डब्यात परत ठेवला. झाकण लावताना आवाजसुद्धा केला नाही. त्यापेक्षा आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १०

चार पँटी, दोन चेन. भाऊ म्हणतो, त्याच्या पँटीचं ऐकून त्याला मान मिळाल्यासारखं वाटलं. वेडाच आहे.

बुधवार, १२

पाठवायचं की नाही, तिचंही ठरत नाहीये. काल हो, आज नाही. सकाळी डबा बाहेर, संध्याकाळी पलंगाखाली. फोटो पाठव म्हटलं तर म्हणे फोटोत काय कळतं, बोट फिरवलं पाहिजे. जेवताना घास तोंडात धरून बसते. मी सारखी बाजूला वळून बघते, तिचं लिहून झालं का, रडते का, खाते का. त्या नादात आज एक बाही उलटी जोडली, उसवायला पाऊण तास गेला. अशाने आधी मी आजारी पडेन.

शेवटी म्हटलं, तुझं तू बघ, पाठवायचं तर पाठव. तिने मान वर केली आणि विचारलं, खरंच? म्हटलं, खरंच. परवा शाळेतली शेवटची तोंडी परीक्षा झाली की ती पाकीट बांधणार आहे.

पण मला चैन नाही. पाठवायला हरकत नाही, पण तसंच?

शुक्रवार, १४

आज दुकान बंद. टाचणी परीक्षेला आठलाच गेली. मी डबा काढला.

चौदाच्या चौदा तुकडे धुतले, पंख्याखाली वाळवले, इस्त्री केली. मग रफूला बसले. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची घाई असते, आज कोणी घाई करायला नव्हतं. धागा त्याच कापडातून काढला, म्हणजे रंगात फरक नको. पोस्टमनच्या खांद्यावर असं रफू बसलं की पुन्हा बघायला गेले तर भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. नर्सबाईंचा खिसा आतून नवा कोपरा लावून बंद केला. बेकरीवाल्याची बाही सगळ्यात वाईट, कापड हात लावला की झडत होतं, त्याला मागून मलमल लावली. भावाच्या बैठकीला ठिगळ न दिसता रफू करणं म्हणजे शेत नांगरण्यासारखं, पण केलं. चिठ्ठ्या होत्या त्या जागी परत टोचल्या.

पाटीची आठवण झाली मध्येच. पण पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही.

चार वाजता चौदा तुकडे टेबलावर मांडून बघितले. इतकं चांगलं काम आजवर हातून झालं नव्हतं. आता बघू दे कोणाला बघायचं ते. पोरीच्या फॉर्मात गुण तिचे, निबंध तिचा, माझं काहीच नव्हतं. आता माझाही हात लागला.

ती मैत्रिणीकडे थांबली, येईपर्यंत अंधार पडला. म्हटलं उद्या बघेल, पाकीट बांधताना.

शनिवार, १५

तिने डबा उघडला. पोस्टमनचा खांदा उचलला, खिडकीपाशी नेला, बोट फिरवलं. मग दुसरा. मग तिसरा. मी मशीनवरून बघत होते, म्हटलं आता बोलेल.

चौदावा खाली ठेवला आणि म्हणाली, “आई, भोकंच तर पाठवायची होती.”

ओरडली नाही. रडलीही नाही. फॉर्म काढला, चौकटीत आडवी रेघ मारली आणि बाहेर निघून गेली.

रविवार, १६

बोलत नाही. विचारलं तेवढं हो नाही करते. ट्रंकेवर बसत नाही, पलंगावर बसते, भिंतीकडे तोंड करून. मशीन चालवताना उजवीकडे वळले की नुसती ट्रंक दिसते.

भावाला कळलं. त्याला हसू आवरेना. मग हसायचा थांबला आणि हळूच म्हणाला, “ताई, मुद्दाम तर नाही ना केलंस?”

मी त्याच्या अंगावर मापाची टेप फेकली. म्हटलं, मुद्दाम कशाला करू, माझं काय अडलंय. तो म्हणाला, नऊ तास लांब आहे ना, म्हणून विचारलं. म्हटलं, नऊ तास असो की नव्वद, तू तुझी बस बघ.

मुद्दाम नाही केलं. चांगलं दिसावं म्हणून केलं. तिची लाज राहावी म्हणून. देवाशप्पथ.

पण हे लिहिताना हात थांबला होता. तेवढं खरं लिहून ठेवते, वही कोणी वाचत नाही. ती सहा वीसची गाडी चुकली तर बरं, असं एकदा मनात येऊन गेलं होतं. धागा ओवताना. एकदाच.

सोमवार, १७

ती शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेली तेव्हा पोस्टमनचा खांदा उसवला. म्हटलं, घातलेलं काढता येतं, माझा जन्म गेला उसवण्यात. धागा निघाला. भोक परत आलं नाही. म्हणजे भोक आहे, पण ते माझ्या सुईने पाडलेलं, कडा सरळ आणि स्वच्छ. आधीचं कसं कडेला मऊ होतं, धागे एकाच बाजूला झोपलेले, रोज पट्टा फिरून फिरून. ते कसं करायचं? ब्रश घासून पाहिला. विटेने घासून पाहिलं. खोटं ते खोटंच दिसतं.

अकरा वर्षांचं भोक मी एका दुपारी बुजवलं आणि आता अकरा वर्षं कुठून आणू.

दुसरा उसवायला घेतला नाही. पाटी काढून ठेवली. कोणाला वाचायला लावली आहे, आधी स्वतः वाचायला हवी होती.

मंगळवार, १८

जॅकेटची चेन बसवत होते. टाचणी समोर येऊन उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा समोर. माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे बघत होती.

“एप्रन काढ,” म्हणाली.

म्हटलं, कशाला. भोक आहे त्याला, माहीत आहे मला, लावते ठिगळ. ती एकदम म्हणाली, हात लावू नकोस. मग खालच्या आवाजात, काढून दे ना.

दिला. दुकान सगळ्यांचं शिवतं, शिवणारीचं कोण शिवणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा तो एप्रन. तंबूचं जाड कापड आहे, म्हणून टिकला. तिने टेबलावर पसरला आणि वाकून बघायला लागली. डाव्या छातीवर टाचण्या टोचून टोचून चाळण झालेली. खाली मांडीवर मशीनच्या तेलाचा डाग. आणि उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, मशीनच्या टेबलाची कड लागून आडवं गेलेलं, बोटभर लांब, भोवती कापड इतकं विरलेलं की खालचं टेबल दिसत होतं.

तिने आपली वही घेतली आणि विचारायला लागली. डॉक्टरीणबाईंसारखी. किती वर्षं? म्हटलं, तू रांगायला लागलीस तेव्हा शिवला, तूच मोज. रोज किती तास? म्हटलं, उठल्यापासून. मग म्हणाली, उजवीकडेच का गेलं? टेबलाची कड तर दोन्हीकडे आहे.

म्हटलं, उजेडाकडे वळून काम करते ना.

“खिडकी डावीकडे आहे, आई.”

बघितलं तर खरंच डावीकडे. सतरा वर्षं त्याच मशीनवर बसते आणि उत्तर चुकलं. म्हटलं, मग काय माहीत, सवय असेल. एका अंगाने बसायची वाईट खोड.

तिने काही लिहिलं नाही. मान वळवून ट्रंकेकडे बघितलं, मग मशीनकडे, मग परत ट्रंकेकडे. पेन हातात तसंच. डोळे पुसले. हिला धुळीचा त्रास आहे लहानपणापासून.

मग म्हणाली, “हा पाठवू का? एकटा हाच. तू नाही म्हणालीस तर नाही पाठवणार.”

म्हणजे आता चौकट माझ्याकडे आली. पंधरा दिवस हिला म्हणत होते, ठरव एकदाचं, आणि आता माझंच ठरेना. तेलाचा डाग. मानेपाशी घामाची रेघ. तो घालून मी गिऱ्हाइकासमोर उभी राहते ते वेगळं, मी तिथे असते, कोणी बघितलं तर उत्तर द्यायला तोंड आहे. तिथे लांब, चार अनोळखी माणसं तो उचलून बघणार आणि मी नसणार. म्हटलं, धुऊन देते निदान.

तिने एप्रन माझ्या हातापासून लांब सरकवला.

म्हटलं, बरं, धूत नाही. इस्त्री? तीही नाही. नाडीचा दोरा लोंबतोय तेवढा तोडू? नाही. मग काय करू? म्हणाली, काही करू नकोस.

आयुष्यात इतकं अवघड काम कोणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं, पाठव. तिने चिठ्ठी लिहिली. मला वाचून दाखव म्हटलं तर अर्धीच दाखवली. शिवणारी, सतरा वर्षं, अजून वापरात होता. उजव्या बाजूचं कारण खाली लिहिलंय, ते वाचायला दिलं नाही.

बुधवार, १९

दोघी मिळून पाकीट टाकायला गेलो. चौकटीतली रेघ तिने खोडली आणि वर एक शब्द लिहिला, सोबत. फॉर्म आत, एप्रन आत. रांगेत तिने तीनदा विचारलं, आई, बरोबर करतोय ना आपण? नाही पाठवलं तरी चाललं असतं. मला तरी काय माहीत. म्हटलं, आता रांग सोडायची नाही.

खिडकीतल्या माणसाने पाकीट दाबून बघितलं आणि विचारलं, आत काय आहे. टाचणीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “फाटका एप्रन.”

त्याने चष्म्यावरून बघितलं. म्हटलं, “फाटकाच आहे आणि फाटकाच पोचला पाहिजे. वाटेत कोणी शिवायला घेऊ नका.”

टाचणी हसली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तरी हसतच होती. त्या माणसाने शिक्का मारला. आणि पाकीट मागे टोपलीत टाकलं, इतर पाकिटांवर, जसं काही विशेष नाही.

शुक्रवार, २१

पाकीट पोचलं म्हणून काल निरोप आला. बाकी काही नाही. निकालाला महिना आहे. छातीत धडधडतं ते चालूच आहे, गोळी बदलायला हवी.

एप्रनशिवाय अंगाला टाचण्या टोचतात, म्हणून आज नवा बेतला. तेच तंबूचं कापड मिळालं. टाचणी ट्रंकेवर बसून उरलेल्या तेरा रफूंवर चिठ्ठ्या बदलत होती. आता त्यांवर लिहिते आहे, रफू कोणी केलं, किती वेळ लागला. म्हटलं, ते कोणाला पाठवायचंय? म्हणाली, कोणाला नाही, माझ्यासाठी.

कापताना उजव्या बाजूला, बरगड्यांच्या जागी, कापड दुहेरी लावायचं ठरवलं होतं. तुकडाही कापला होता. मग ट्रंकेकडे बघितलं आणि तो बाजूला ठेवला.

तिथे आता विरायचं नाही.